मजकूर कधी देताय?

१८५५ साली अठ्ठावीस वर्षांच्या जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं आणि पुण्याच्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं. अडाणी कुणबी जोडप्याला जोशीबुवा कसा नागवतो आणि शिक्षणाच्या वाटेने ते जोडपं कसं शहाणं होतं, हा त्याचा विषय. कमिटीने नाटक नाकारलं. ते छापून वाचकांसमोर यायला १९७९ साल उजाडावं लागलं.

ज्या कमिटीने हा निकाल दिला, तिच्यामागे सव्वाशे वर्षांची परंपरा होती. तळेगावच्या सेनापती खंडेराव दाभाड्यांनी विद्वान ब्राह्मणांना दरसाल दक्षिणा वाटण्याची प्रथा सुरू केली. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडल्यावर पेशव्यांनी ती पुण्यात पुढे चालवली. श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात देशोदेशीचे शास्त्री-पंडित जमत आणि लाखांनी रुपये वाटले जात. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी ही रक्कम आटवली. त्यातला काही पैसा १८२१ साली विश्रामबागवाड्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळला. १८४९ मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्या बरोबरीच्या सुधारकांनी अर्ज केला, की या पैशातून मराठीत उपयोगी पुस्तकं लिहिणाऱ्यांना बक्षिसं द्यावीत. पुण्यातल्या सनातन्यांनी काहूर उठवलं, फुले अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले आणि अखेर बक्षिसांची कमिटी आली. मराठी लेखकाला लेखनाचे रोख पैसे देणारी ही सुरुवातीची एक मोठी आधुनिक यंत्रणा.

पण बक्षिसावर घर चालत नाही. लेखकाने आधी राबायचं, हस्तलिखित पाठवायचं आणि परीक्षकांच्या मर्जीची वाट पाहायची. एकदा बक्षीस मिळालं म्हणून पुढच्या वर्षी काम मिळेल याची खात्री नाही. फुल्यांनी आपला संसार आणि आपलं कार्य बांधकामाच्या ठेक्यांवर आणि व्यापारावर चालवलं. लेखणी त्यांच्या पोटाचा आधार कधीच नव्हती.

पुढच्या दीडशे वर्षांत ज्या मराठी माणसांनी लेखणीवर थोडंफार घर चालवलं, त्यांच्याकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट दिसते. त्यांना उभं केलं ते ठरलेल्या दिवशी नवा मजकूर लागणाऱ्या गिऱ्हाइकाने. साप्ताहिकाला शनिवार गाठायचा असतो, मासिकाला महिन्याची पहिली तारीख, नाटक कंपनीला पुढचा मुक्काम, नभोवाणीला शुक्रवारची सकाळ, दिवाळी अंकाला वसुबारस. अशा गिऱ्हाइकाला लेखक पुन्हा पुन्हा लागतो. आणि ज्या लेखकाने ही गरज ओळखली, त्याच्या लेखनाचा आकारही त्या तारखेने घडवला. मराठी कादंबरी लांबली, नाटक घरातल्या प्रश्नांकडे वळलं, लघुकथेचं पीक शरदात येऊ लागलं, याच्या मुळाशी प्रतिभेइतकंच हे वेळापत्रक आहे.

पहिला मोठा प्रयोग विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा. जानेवारी १८७४ मध्ये त्यांनी ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. महिन्याला एक अंक, आणि त्यातला जवळजवळ सगळा मजकूर एकट्याचा. इथे संपादक आणि लेखक एकच असल्यामुळे गिऱ्हाईक म्हणजे थेट वर्गणीदार. त्यांचे पैसे आगाऊ येत आणि अंक हाती पडेपर्यंत विष्णुशास्त्री त्यांचे देणेकरी असत. सात वर्षांत चौऱ्याऐंशी अंक निघाले. १८७९ मध्ये रत्नागिरीहून त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि पुण्यात येऊन छापखाना, पुस्तकांचं दुकान, शाळा, वृत्तपत्रं अशा उद्योगांत उडी घेतली. १८८२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. मराठी निबंधाला जी ऐसपैस लय आली, एकच विषय तीन-तीन अंक चालवण्याची जी मुभा आली, ती या दरमहा भरायच्या पानांतून आली.

हरि नारायण आपट्यांनी हेच गणित कादंबरीला लावलं. त्यांची ‘मधली स्थिती’ १८८५ मध्ये ‘पुणे वैभव’ साप्ताहिकातून क्रमशः आली होती. १८९० मध्ये त्यांनी स्वतःचं ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यात ‘पण लक्षांत कोण घेतो?’ आठवड्या-आठवड्याने छापायला सुरुवात केली. १८९३ पर्यंत ती चालली. तिची नायिका यमू, आणि यमूची कहाणी पुण्या-मुंबईच्या घराघरांत दर आठवड्याला थोडी थोडी पोहोचत होती. माजघरात एकीने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं अशी ती वाचनं होती. एवढ्या संथ, तपशीलवार कादंबरीला तेव्हा थेट पुस्तकाचा प्रकाशक मिळणं कठीण होतं. साप्ताहिकाला मात्र ती लांबीच हवी होती.

हरिभाऊंच्या पाठीशी आणखी एक आधार होता. त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी पुण्यात काढलेल्या आनंदाश्रम संस्थेची व्यवस्था ते पाहत. तिथे संस्कृत पोथ्यांच्या छपाईचं काम चाले. दिवसा संस्था आणि रात्री ‘करमणूक’, अशी त्यांची वर्षं गेली. क्रमशः लेखनाची दुसरी बाजूही त्यांच्याच लेखनात दिसते. त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. चालू अंकाचा ताण रोजचा, आणि पुढच्या प्रकरणाला निवांत बसायला वेळ नाही. नियमित गिऱ्हाईक लेखकाला जगवतं तसं थकवतंही.

या काळात संस्थानिकांनी आणि कोशकारांनीही लेखकांना सलग काम दिलं. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१२ च्या सुमारास मराठी आणि गुजराती ग्रंथांसाठी दोन लाखांचा निधी बाजूला काढला आणि त्यातून सयाजी साहित्यमाला उभी राहिली. भाषांतरकाराला एक पुस्तक संपलं की दुसरं मिळू शकेल, असा हा भक्कम दरवाजा. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी थेट मंडळी स्थापन केली, भाग विकले, कार्यालय थाटलं आणि १९२० ते १९२७ या काळात तेवीस खंड काढले. त्या कार्यालयात नोंदी लिहिण्याचं शिस्तबद्ध काम शिकलेले य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे पुढे स्वतःच्या बळावर ‘महाराष्ट्र शब्दकोश’ काढायला उभे राहिले. १९३२ पासून त्याचे भाग निघाले. त्यानंतर ‘सुलभ विश्वकोश’ही त्यांनीच केला. केतकरांच्या कार्यालयाने एक कोश दिला आणि कोशावर जगू शकणारी माणसंही दिली.

सगळ्यांत जिवंत संबंध मात्र नाटक कंपनी आणि नाटककार यांचा.

संगीत नाटक कंपनी म्हणजे फिरतं गाव. नट, साथीदार, रंगपटवाले, पडदेवाले, आचारी, त्यांची बायकामुलं, सगळ्यांचं एकत्र बिऱ्हाड. गल्ला आला नाही तरी दोन वेळची पंगत चुकत नसे. एका शहरात जुनं नाटक दोन-चार मुक्काम चाललं की प्रेक्षक विचारत, यंदा नवीन काय? म्हणून मालकाला वर्षा-दीड वर्षाने नवं नाटक लागेच. आणि ते आपल्या नटांच्या गळ्याला, वयाला, अंगकाठीला बेतलेलं लागे. हे बेतून देऊ शकणारा लेखक हाताशी असला की मालक त्याला सोडत नसे.

भार्गवराम विठ्ठल वरेरकर, म्हणजे मामा वरेरकर, टपाल खात्यात नोकरी करत. १९०८ मध्ये त्यांचं ‘कुंजविहारी’ स्वदेशहितचिंतक मंडळीने रंगभूमीवर आणलं. नाटकाची वाट सापडली, पण हक्काची कंपनी नंतर मिळाली. केशवराव भोसल्यांनी १९०८ च्या पहिल्या दिवशी हुबळीला ललितकलादर्श काढली होती. केशवरावांचा आवाज पल्लेदार होता आणि त्यांना गायनाला वाव देणारी पण नव्या विषयाची नाटकं हवी होती. वरेरकरांनी त्यांना हुंड्यावरचं ‘हाच मुलाचा बाप’ दिलं, मग धर्मांतराचा प्रश्न मांडणारं ‘संन्याशाचा संसार’ दिलं. १९२१ मध्ये केशवराव ऐन उमेदीत गेले. एखाद्या लेखकाचं गिऱ्हाईक तिथेच तुटलं असतं. पण कंपनीची धुरा घेतलेल्या बापूराव पेंढारकरांनी वरेरकरांनाच धरून ठेवलं. १९२२ मध्ये ‘सत्तेचे गुलाम’ आलं, १९२३ मध्ये अस्पृश्यतेवरचं ‘तुरुंगाच्या दारात’.

‘सत्तेचे गुलाम’ जवळून पाहण्यासारखं आहे. तोवर मराठी रंगमंचावर राजवाडा असो की रस्ता, मागे रंगवलेला पडदा सोडायचा ही रीत. या नाटकासाठी चित्रकार पु. श्री. काळे यांनी खऱ्या घरासारखी बंदिस्त खोली उभी केली. दारं उघडणारी, भिंतींना जाडी असणारी. पात्रांना पडद्यासमोर ओळीने उभं राहून पद म्हणण्याऐवजी खोलीत वावरावं लागलं, आणि त्यांची भाषाही त्या खोलीला शोभेल अशी घरगुती झाली. असा खर्चिक धोका मालक अनोळखी नाटककारासाठी पत्करत नाही. लागोपाठच्या नाटकांनी जमलेला विश्वास त्यामागे होता. वरेरकरांनी टपालातली नोकरी सोडून पूर्णवेळ लेखन पत्करलं तेही याच काळात. नाटकांमधल्या मोकळ्या महिन्यांत त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या, आणि शरच्चंद्रांची बंगाली पुस्तकं मराठीत आणण्याचं काम तर वर्षानुवर्षं चालवलं. एका गिऱ्हाइकाचा हंगाम संपला की दुसऱ्याचा सुरू, अशी ही आखणी होती.

असाच जोड प्र. के. अत्र्यांचा बालमोहन नाटक मंडळीशी जमला. अत्रे पुण्यात कॅम्पातल्या शाळेचे मुख्याध्यापक. बालमोहनच्या दामूअण्णा जोशांना हसवणारं काहीतरी नवं हवं होतं. १९३३ मध्ये ‘साष्टांग नमस्कार’ आलं आणि मग दरसाल रांग लागली. ‘घराबाहेर’, ‘भ्रमाचा भोपळा’, ‘उद्याचा संसार’, ‘लग्नाची बेडी’, ‘वंदे मातरम्’ ही नाटकं १९३७ पर्यंतच्या पाच वर्षांत उभी राहिली. बोलपट आल्यावर इतर कंपन्या एकामागून एक बंद पडत असताना बालमोहन तग धरून होती, ती या पुरवठ्यावर.

बोलपटाने लेखकाचं गिऱ्हाईक बदललं. १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ आला. पाच-सहा वर्षांत नाटकाचे तंबू उठले आणि चित्रपटांचे स्टुडिओ लेखकांच्या दारी येऊ लागले. कोल्हापूरला १९३६ मध्ये मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि पांडुरंग नाईक यांनी हंस पिक्चर्स काढली. पहिल्याच ‘छाया’साठी त्यांनी शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी करणाऱ्या वि. स. खांडेकरांना लिहायला लावलं. मग विनायकांनी जणू पाळीच लावली. १९३७ चा ‘धर्मवीर’ अत्र्यांचा, १९३८ चा ‘ज्वाला’ खांडेकरांचा आणि ‘ब्रह्मचारी’ अत्र्यांचा, १९३९ चा ‘देवता’ खांडेकरांचा आणि ‘ब्रँडीची बाटली’ अत्र्यांचा. एक गंभीर, एक विनोदी. एका स्टुडिओने दोन लेखकांना आलटून-पालटून काम दिलं आणि दोघांच्या हातांना विसावाही मिळाला. खांडेकरांनी १९३८ मध्ये अठरा वर्षांचं शिरोडं सोडून कोल्हापुरात बिऱ्हाड थाटलं, ते या सलग कामाच्या भरवशावर.

त्याच कोल्हापुरात गजानन दिगंबर माडगूळकर नावाचा गरीब घरातला तरुण स्टुडिओत पडेल ते काम करत होता. खांडेकरांचा लेखनिक म्हणूनही तो काही काळ बसला. दुसऱ्याचं वाक्य कागदावर उतरवताना संवाद कसा बांधला जातो हे त्याने जवळून पाहिलं. पुढे हाच तरुण दीडशेहून अधिक मराठी चित्रपटांचा लेखक-गीतकार झाला. त्याच्या मागेही टिकून राहिलेली माणसं होती. दिग्दर्शक राजा परांजपे आणि संगीतकार सुधीर फडके यांच्याबरोबर ‘जिवाचा सखा’, ‘पुढचं पाऊल’, ‘लाखाची गोष्ट’, ‘पेडगावचे शहाणे’, ‘ऊनपाऊस’, ‘जगाच्या पाठीवर’ अशी चित्रपटांची माळ एकाच त्रिकुटाने ओवली.

माडगूळकरांचं सर्वांत गाजलेलं गिऱ्हाईक मात्र सरकारी होतं. पुण्याचं आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं. तिथे सीताकांत लाड आले. माडगूळकरांचे ते जुने स्नेही. आपल्या नव्या केंद्रासाठी काहीतरी सलग लिहा, असा आग्रह त्यांनी धरला. त्यातून गीतरामायणाची कल्पना निघाली. वर्षभर, आठवड्याला एक गीत, दर शुक्रवारी सकाळी. १ एप्रिल १९५५, रामनवमी, हा पहिला दिवस ठरला.

ध्वनिमुद्रणाच्या वेळची एक हकिकत या मंडळींनी पुढे अनेकदा सांगितली आहे. माडगूळकरांनी पहिलं गीत लिहून फडक्यांच्या हाती दिलं होतं, आणि ऐन वेळी तो कागद सापडेना. कवी संतापले. प्रक्षेपणाची वेळ जाहीर झालेली, वादक बसलेले, लाड हवालदिल. अखेर लाडांनी समजूत काढली, माडगूळकर पुन्हा कागद घेऊन बसले आणि थोड्या वेळात गीत नव्याने उतरलं. आज महाराष्ट्राला पाठ असलेलं पहिलं गीत हे दुसऱ्यांदा लिहिलेलं गीत आहे.

आरंभी बावन्न आठवड्यांचा हिशेब होता. त्या वर्षी अधिक भाद्रपद आल्याने रामनवमी ते रामनवमी हा काळ वाढला आणि गीतं छप्पन्न झाली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, मालती पांडे, ललिता फडके, राम फाटक असे गायक आठवड्यागणिक बदलत होते, म्हणजे गीत कुणासाठी लिहायचं तेही बदलत होतं. वर्षभरात एक आठवडा रिकामा गेला नाही. महाकाव्य लिहायला बसलेल्या कवीने कदाचित काही प्रसंग लांबवले असते, काही गाळले असते. इथे प्रत्येक प्रसंगाला काही मिनिटं आणि बहुधा एकच पात्र मिळालं. रामायणाचे छप्पन्न स्वतंत्र, गाता येणारे तुकडे झाले आणि म्हणूनच ते देवळात, शाळेत, घरी वेगवेगळे गायले जाऊ लागले.

मासिकांनी दुसरीकडे आपलं वर्तुळ वाढवलं होतं. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात नांगर बनत. विक्रेत्यांना आणि शेतकऱ्यांना बातम्या कळवाव्यात म्हणून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे छोटं पत्रक निघालं. त्याचे संपादक शंकर वासुदेव किर्लोस्कर मुळात चित्रकला शिकलेले, कारखान्याच्या जाहिराती पाहणारे. नांगराच्या माहितीपेक्षा वाचकांना इतर मजकूर अधिक आवडतो हे त्यांनी हेरलं. १९२९ मध्ये ‘खबर’ गळून ते ‘किर्लोस्कर’ झालं, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघालं. औंध संस्थानातल्या एका कारखान्याच्या वसाहतीतून तीन मासिकं निघू लागली, तेव्हा लेखकाला एकाच पत्त्यावर तीन दारं मिळाली. स्त्रियांच्या प्रश्नांवर लिहिणाऱ्या नव्या लेखिकांना ‘स्त्री’मुळे दरमहा जागा तयार झाली.

मराठी लेखकाचं जुनं आणि अजूनही चालू असलेलं गिऱ्हाईक म्हणजे दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये ‘मनोरंजन’ मासिक सुरू केलं होतं. इंग्रजी मासिकांचे नाताळचे जाडजूड अंक पाहून त्यांनी १९०९ मध्ये दिवाळीचा खास अंक काढला. ‘मनोरंजन’ १९३५ मध्ये बंद पडलं, पण ती कल्पना मराठीने उचलली. १९४५ मध्ये चित्रकार दीनानाथ दलालांचा ‘दीपावली’ आला, पुढच्याच वर्षी अनंत अंतरकरांचा ‘हंस’, आणि १९५१ मध्ये मधुकर पाटकरांचा विनोदी ‘आवाज’. आज दरसाल काहीशे दिवाळी अंक निघतात.

या अंकांचं वर्ष कॅलेंडरहून वेगळं चालतं. उन्हाळ्यात संपादकाचं पत्र येतं, पूर्वी पोस्टकार्ड असे, आता फोन. पाऊस लागला की आठवणीचं दुसरं पत्र. श्रावणात मजकूर जुळणीला जायला हवा, गणपतीच्या दिवसांत मुद्रितं तपासायची, नवरात्रात रंगीत पानं आणि जाहिराती लागायच्या. दिवाळीआधी स्टॉलवर अंक पोहोचला नाही तर त्याची किंमत निम्मी होते, भाऊबीजेनंतर त्याला विचारणारं कुणी नाही. म्हणून संपादकाला चांगल्या लेखकाइतकाच वेळेवर देणारा लेखक प्यारा असतो. ज्याची कथा दरवर्षी जुलैत हाती पडते, त्याचं नाव पुढच्या वर्षीच्या यादीत आपोआप चढतं. दहा पानांत संपणारी, एका बैठकीत वाचून होणारी मराठी लघुकथा या यादीतून वाढली. १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढलं आणि तारखांच्या मागच्या कोऱ्या बाजूला नामवंतांचे लेख छापले. तेव्हा दिवाळीच्या अंकांबरोबर जानेवारीच्या भिंतीचंही गिऱ्हाईक तयार झालं.

वाचनालयांची दुनिया याहून वेगळी, आणि तिच्याविषयी लिहिणारे समीक्षक मोजके. गिरगाव, दादर, पुणे, नाशिक इथल्या खासगी वाचनालयांत रोजच्या भाड्याने पुस्तक मिळे. सभासद दोन दिवसांत पुस्तक संपवून नवीन मागे. या भुकेला बाबूराव अर्नाळकरांनी आयुष्यभर अन्न पुरवलं. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही त्यांची पात्रं घेऊन त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. पात्रं तीच, आडाखा तोच, गुन्हा नवा. वाचकाला ओळखीचा नायक हवा आणि लेखकाला रोज नव्याने जग उभं करायला वेळ नाही, यातून मालिकेचा नायक जन्मला. सत्तरच्या दशकात सुहास शिरवळकरांनी बॅरिस्टर अमर विश्वास, फिरोज इराणी, दारा बुलंद, मंदार पटवर्धन असे नायक घेऊन हीच वाट धरली आणि तिथून ‘दुनियादारी’सारख्या कादंबरीपर्यंत आले.

पण पुस्तकांची संख्या म्हणजे स्थैर्य नव्हे, हे अण्णाभाऊ साठ्यांच्या आयुष्यातून कळतं. पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या, कथासंग्रह, वगनाट्यं, पोवाडे एवढं लेखन. १९६१ मध्ये ‘फकिरा’ला राज्य शासनाचा पुरस्कार. त्यांच्या कथांवर चित्रपटही निघाले. तरी घाटकोपरच्या चिरागनगरात त्यांनी झोपडीत दिवस काढले आणि १९६९ मध्ये ते हलाखीतच गेले. त्यांच्या वाट्याला वाचक आले, गौरव आला, पण ललितकलादर्शसारखी किंवा हंस पिक्चर्ससारखी पाठीशी उभी राहणारी संस्था आली नाही. मराठी साहित्यव्यवहाराने या लेखकाचं देणं दिलं नाही, आणि ते विसरूनही चालणार नाही.

जयवंत दळवी दोन्ही टोकांच्या मधोमध राहिले. अमेरिकी माहिती खात्यातली नोकरी, १९६४ मध्ये निघालेल्या ‘ललित’ मासिकात ‘ठणठणपाळ’ या नावाने वर्षानुवर्षं सदर, आणि जोडीला नाटकं. दि गोवा हिंदु असोसिएशन ही गोमंतकीयांची मुंबईतली संस्था. तिने विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली १९७३ मध्ये दळवींचं ‘संध्याछाया’ आणि १९७७ मध्ये ‘बॅरिस्टर’ केलं. याच संस्थेने त्याआधी वसंत कानेटकरांकडून ‘रायगडाला जेव्हा जाग येते’, ‘मत्स्यगंधा’, ‘लेकुरे उदंड जाली’ घेतली होती आणि शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ही. नाटक कंपन्यांचं बिऱ्हाड मोडलं तरी ओळखीच्या लेखकाकडेच पुन्हा जाण्याची सवय संस्थांनी टिकवली.

दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण लेखकाचं काम खरं बदललं ते खासगी वाहिन्यांच्या दैनंदिन मालिकांनी. ‘चार दिवस सासूचे’ या मालिकेचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. एवढं लिहायला एक माणूस पुरत नाही. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. संवादलेखकाला भागाप्रमाणे पैसे मिळतात. भागांचा साठा हाताशी ठेवायचा, कलाकार आजारी पडला तर रातोरात प्रसंग बदलायचा. दर गुरुवारी प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात आणि आकडे घसरले की शुक्रवारी कथानक वळतं. या धावपळीत मुंबई-पुण्याच्या नाटकवेड्या मुलामुलींची एक पिढी लेखणीवर घरभाडं भरू लागली.

या सगळ्या इतिहासात एक हिशेब मात्र बराच काळ लेखकाच्या विरोधात राहिला. सलग काम देणारा सहसा हक्कही विकत घेई. चित्रपटाच्या गीतकाराला ठोक रक्कम मिळे आणि पुढे गाणं पन्नास वर्षं वाजलं तरी त्याच्या घरी वेगळं काही येत नसे. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटात वापरलेल्या लेखनाच्या आणि गीतांच्या इतर वापरातून येणाऱ्या रॉयल्टीचा लेखकाचा वाटा करार करूनही काढून घेता येणार नाही, असं तिने ठरवलं. राज्यसभेत तिच्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत जावेद अख्तर पुढे होते. पटकथालेखकांच्या संघटनेने किमान अटींचा एकच करार सर्व निर्मात्यांनी मानावा ही मागणी अनेक वर्षं लावून धरली आहे. किती दिवसांत पैसे मिळणार, नाव पडद्यावर कुठे येणार, मध्येच काढून टाकलं तर झालेल्या कामाचं काय, हे प्रश्न त्यात येतात. मामा वरेरकरांच्या पिढीने हे सगळं मालकाच्या शब्दावर सोडलं होतं. आजचा संवादलेखक ते कागदावर मागतो.